शाळेचें दार आणि वर्गांतील जागा

शाळेच्या योग्यतेचें माप कोणत्या तराजूनें घ्यावें, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. बहुतेक पालक शालान्त परीक्षेचा निकाल पाहतात. कोणी क्रीडांगणावर मिळविलेल्या ढाली व पेले मोजतात. कोणी इमारतीची भव्यता पाहून समाधान मानतात. हीं सर्व मापें आपआपल्या परीनें खरीं आहेत. परंतु जीं मुलें वेगानें पुढें जातात, त्यांच्याच पावलांवरून तीं घेतलेलीं असतात. ज्या मुलास फळ्यावरील अक्षर दिसत नाहीं, ज्याच्या कानीं गुरुजींचा शब्द पडत नाहीं, ज्यास एकच गोष्ट दहा वेळां समजावून सांगावी लागते, अथवा ज्याच्या नजरेपुढें अक्षरें एकमेकांची जागा घेतात, त्या मुलाला शाळेनें काय दिलें, हें माप क्वचितच कोणी लावतो. आमच्या मतें शाळेची खरी परीक्षा तेथेंच होते.

गेल्या पन्नास वर्षांत अशा मुलांच्या शिक्षणासंबंधानें कायद्यानें व शासनानें पुष्कळ सुधारणा केल्या. त्या सुधारणांचें मोल काय, त्यांत उणें काय राहिलें, आणि आपल्या शाळेसारख्या मिशन शाळेवर त्यांमुळें कोणती जबाबदारी येते, याचा विचार विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं मिळून करावा, या हेतूनें हे चार शब्द लिहीत आहों.

प्रथम थोडें मागें वळून पाहूं. आपल्या देशांत अंध व बहिऱ्या मुलांसाठीं ज्या पहिल्या शाळा निघाल्या, त्यांतील कित्येक मिशनच्या अंगणांतच निघाल्या. मुंबईंत १८८५ सालीं रोमन कॅथलिक धर्माध्यक्षांच्या पुढाकारानें मूकबधिर मुलांची शाळा सुरू झाली. १८८७ सालीं मिस ॲनी शार्प यांनीं अमृतसर येथें अंधांची शाळा काढली. १९०० सालीं, पश्चिम हिंदुस्थान दुष्काळानें होरपळत असतां, अमेरिकन मराठी मिशनच्या मिस ॲना मिलर्ड यांनीं मुंबईंत अंध मुलांची शाळा स्थापिली. तीच पुढें दादरची अंधशाळा म्हणून प्रसिद्धीस आली. केडगांव येथें पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनांतही अंध स्त्रियांना ब्रेल लिपी शिकविण्याची व्यवस्था होती.

या संस्थांनीं केलेलें कार्य थोर होतें, यांत शंका नाहीं. ज्यांच्या हातीं एरवीं भिक्षापात्र यावयाचें, त्यांच्या हातीं पुस्तक आलें, वेताचें काम आलें, वाद्य आलें. परंतु केवळ दयेच्या पायावर उभ्या असलेल्या कार्यास एक मर्यादा असते. तें देणाऱ्याच्या मनावर व मिळणाऱ्या देणगीवर अवलंबून राहतें. शिवाय शहरांतील चार-दोन शाळांचा हात कोंकणांतल्या अगर मराठवाड्यांतल्या खेड्यांतील बहिऱ्या मुलीपर्यंत कसा पोंचावा? दयेची जागा हक्कानें घ्यावी, हीच पुढील सर्व सुधारणांमागील मुख्य कल्पना होय.

१९७४ सालीं केंद्र शासनानें अपंग मुलांस सर्वसाधारण शाळांतच शिकविण्याची योजना आंखली. १९९५ च्या कायद्यानें अशा मुलांस १८ व्या वर्षापर्यंत मोफत शिक्षण देण्याचें कर्तव्य शासनावर टाकलें. १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आलेल्या शिक्षणहक्क कायद्यानें ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलास शेजारच्या शाळेंत शिकण्याचा हक्क दिला, आणि २०१२ च्या दुरुस्तीनें अपंग मुलांचा त्यांत स्पष्टपणें समावेश झाला. २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा याहून पुढें गेला. १९९५ च्या कायद्यांत अपंगत्वाचे ७ प्रकार होते. नव्या कायद्यांत ते २१ झाले, व स्वमग्नता आणि अध्ययन-अक्षमता यांनाही त्या यादींत स्थान मिळालें. ज्याचें अपंगत्व शेंकडा ४० किंवा अधिक आहे अशा ६ ते १८ वर्षांच्या मुलास शेजारच्या शाळेंत किंवा विशेष शाळेंत, आपल्या पसंतीप्रमाणें, मोफत शिक्षण घेण्याचा अधिकार या कायद्यानें दिला आहे.

या सुधारणांचें श्रेय मोकळ्या मनानें मान्य केलें पाहिजे. २०११ च्या जनगणनेंत आपल्या देशांत २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. हें प्रमाण लोकसंख्येच्या शेंकडा २.२१ इतकें होतें. इतक्या लोकांच्या मुलांबाळांच्या वतीनें कायदा आज शाळेच्या दारीं उभा राहतो, ही लहान गोष्ट नव्हे. दुसरा लाभ याहून सूक्ष्म आहे. पूर्वीं ज्या मुलास ‘ढ’ ठरवून शेवटच्या बांकावर बसवीत, त्याच्या अडचणीला आतां नांव मिळालें. बुद्धि चांगली असूनही वाचन व लेखन साधत नाहीं, अशी एक अवस्था असते. ती आळसानें येत नाहीं व छडीनें जात नाहीं, हें ज्ञान शिक्षकांत व पालकांत हळूहळू पसरत आहे. ज्याला आपण आजवर दोष देत होतों त्याला मदत द्यावयाची आहे, एवढें कळणें हीच अर्धी सुधारणा होय.

परंतु दार उघडणें ही एक गोष्ट, आणि वर्गांत खरी जागा मिळणें ही दुसरी. या दोहोंमधील अंतरांतच आजच्या सुधारणांचें उणेपण सांठलेलें आहे. तें तीन ठिकाणीं स्पष्ट दिसतें.

पहिलें ठिकाण हजेरीपटाचें. मुलाचें नांव पटावर चढलें, म्हणजे शाळेनें कायदा पाळला असें मानण्याची रीत पडली आहे. मूल रोज येतें, कोंपऱ्यांत बसतें, मधल्या सुटींत एकटेंच डबा खातें आणि घरीं जातें. वर्षअखेर तें वरच्या वर्गांत ढकललें जातें. त्याला काय आलें, हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. ज्यांचें अपंगत्व तीव्र आहे अशा मुलांस घरींच शिक्षण घेण्याची मुभा २०१२ च्या दुरुस्तीनें दिली. अंथरुणास खिळलेल्या मुलासाठीं ही सोय आवश्यकच आहे. पण जें मूल शाळेंत येऊं शकतें, केवळ शाळेला त्याची अडचण वाटते, त्यासही या मुभेच्या नांवाखालीं घरीं बसविलें गेलें, तर सोयीचा तुरुंग व्हावयास वेळ लागणार नाहीं.

दुसरें ठिकाण शिक्षकाचें. ब्रेल शिकवावयाची तर ती येणारा गुरु पाहिजे. स्वमग्न मुलास हातीं धरून पुढें न्यावयाचें तर त्याच्या मनाची रीत जाणणारा पाहिजे. असा विशेष शिक्षक सामान्य शाळांत दुर्मिळ आहे. जेथें आहे तेथें पुष्कळदां तो अनेक शाळांमध्यें फिरणारा, तात्पुरत्या नेमणुकीवरचा व तुटपुंज्या मानधनावरचा असतो. २०२१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें या प्रश्नांत लक्ष घालून प्राथमिक वर्गांत अशा १० मुलांमागें एक व वरच्या वर्गांत १५ मुलांमागें एक विशेष शिक्षक असावा, असें प्रमाण ठरवून दिलें. पुढें चार वर्षें लोटल्यावर, मार्च २०२५ मध्यें, अशीं पदें मंजूर करून जाहीर करा असा आदेश राज्यांना पुन्हा द्यावा लागला. विहीर खणून ठेवावी आणि दोरी-बादली देण्यास विसरावें, तशांतला हा प्रकार. तहानेलेल्यास विहिरीचें खोलपण सांगून काय उपयोग?

तिसरें ठिकाण परीक्षेचें. शालान्त परीक्षेस बसणाऱ्या अशा विद्यार्थ्यांस अधिक वेळ, लेखनिक व शुद्धलेखनांतील चुकांविषयीं सूट अशा सवलती मिळतात. त्या न्याय्य आहेत. त्यांवर कोणी नाक मुरडूं नये. लंगड्या मुलाला काठी दिली म्हणून धावण्याच्या शर्यतींत अन्याय झाला असें कोणी म्हणत नाहीं. तथापि सवलत म्हणजे शिक्षण नव्हे. दहावीच्या वर्षीं प्रमाणपत्रासाठीं धांवाधांव करावयाची, आणि तिसरीपासून नववीपर्यंत ज्या वाचनाच्या खास मदतीची गरज होती ती मात्र कधींच द्यावयाची नाहीं, हा क्रम उलटा आहे. मोडलेलें हाड वेळेवर न बसवितां पुढें कुबडी देण्यासारखें तें आहे.

येथें कोणी म्हणेल, कीं सुधारणा अपुरी असली तरी दिशा योग्य आहे. मग टीका कशास? यास उत्तर असें, कीं दिशाही वेळोवेळीं तपासावी लागते. १८८० सालीं मिलान शहरांत बहिऱ्यांच्या शिक्षकांची एक मोठी परिषद भरली. बहिऱ्या मुलांना हातांच्या खुणांनीं न शिकवितां तोंडानें बोलावयासच शिकवावें, असा ठराव तेथें झाला. ठराव करणारे बहुतेक सर्व ऐकूं येणारे होते. ज्यांच्यासाठीं ठराव, त्यांचें मत जवळजवळ कोणी घेतलेंच नाहीं. परिणामीं जगांतील असंख्य शाळांतून सांकेतिक भाषा हद्दपार झाली व बहिऱ्या मुलांच्या कित्येक पिढ्या आपल्या सहजभाषेस मुकल्या. त्या ठरावाबद्दल त्याच परिषदेच्या परंपरेंत जाहीर खेद व्यक्त व्हावयास २०१० साल उजाडावें लागलें. हेतु शुद्ध असला तरी ज्यांचें हित करावयाचें त्यांसच न विचारतां केलेली सुधारणा कशी घात करते, याचा हा धडा आहे.

दुसरें उदाहरण इंग्लंडचें. १९७८ सालीं मेरी वॉर्नॉक यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें विशेष गरजा असलेल्या मुलांना शक्य तों सामान्य शाळेंत सामावून घ्यावें, अशी दिशा दाखविली. परंतु त्याच विदुषींनीं २००५ सालीं स्वतःच पुन्हा लेखणी उचलली, आणि कित्येक मुलें सामान्य शाळेंत केवळ देहानें बसतात, त्यांना लहान विशेष शाळाच अधिक मानवते, असें मत मांडलें. याउलट इटलीनें १९७७ च्या कायद्यानें वेगळे वर्ग बंद करून सर्व मुलें एकत्र आणलीं. मात्र त्याबरोबर वर्गास साहाय्यक शिक्षक दिला व अशा वर्गांतील मुलांची संख्या मर्यादित ठेवली. या दोन्हींतून निष्कर्ष एकच निघतो. एकत्र कीं वेगळें, हा वाद दुय्यम आहे. शिकविणारा किती जवळ आहे व वर्ग किती लहान आहे, यावर सर्व कांहीं ठरतें. साठ मुलांच्या वर्गांत एकटा शिक्षक कितीही कनवाळू असला, तरी बहिऱ्या मुलीशीं तो दिवसांत किती क्षण बोलूं शकेल?

म्हणून विशेष शाळा एकदम बंद कराव्यात, असें म्हणणाऱ्यांशीं आम्ही सहमत नाहीं. बहिऱ्या मुलास आपल्यासारखीं इतर मुलें भेटल्याशिवाय सांकेतिक भाषा समृद्ध होत नाहीं. अंध मुलास आरंभीं ब्रेल व काठीचा उपयोग शिकविण्यास अनुभवी हात लागतात. परंतु विशेष शाळा ही कायमची हद्दपारीही होऊं नये. तेथें पाया घालावा व योग्य वेळीं मूल सर्वांच्या शाळेंत यावें. आणि विशेष शाळेंतील अनुभवी शिक्षकांनीं आसपासच्या शाळांना मार्ग दाखवावा. निवड मुलाची व त्याच्या पालकांची असावी. २०१६ च्या कायद्याचें वळणही तसेंच आहे.

आतां रूढ शाळेहून निराळ्या वाटांविषयीं. कांहीं मुलांस शाळेचा सांचाच मानवत नाहीं, आणि त्यांच्यासाठीं आपल्या महाराष्ट्रांत पूर्वींपासून निरनिराळे प्रयोग झाले. वर्ध्यास १९३७ सालीं नई तालीमची कल्पना पुढें आली. तींत हाताचें काम हेंच शिक्षणाचें माध्यम मानलें होतें. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ पासून बोर्डी येथें, व पुढें कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांसाठीं जें कार्य केलें, त्यांत कुरणशाळेचा प्रयोग विशेष मननीय आहे. मुलें गुरें राखावयास जातात म्हणून शाळेंत येत नाहींत. तर मग शाळाच कुरणावर जाऊं दे, असा तो सरळ विचार होता. मुलानें शाळेच्या मापाचें व्हावें, कीं शाळेनें मुलाच्या, या प्रश्नाचें उत्तर त्या दोन स्त्रियांनीं ग्रंथ न लिहितां आधीं कृतीनें दिलें. १९८९ सालीं स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयीन शिक्षणसंस्था हीही अशीच एक वाट आहे. तेथें पांच वर्षांच्या मुदतींत नऊ वेळां परीक्षेची संधि मिळते. एकेक विषय सावकाश उरकतां येतो. आजारी, मंदगति अथवा कामकरी मुलास तिचा मोठा आधार आहे.

परंतु पर्यायी वाट आणि मागचें दार यांत भेद केला पाहिजे. मुलाच्या गरजेमुळें निवडली ती वाट. शाळेच्या सोयीसाठीं दाखविली तें मागचें दार. नववीच्या अखेरीस एखाद्या पालकांस बोलावून, “आपल्या मुलास आमच्याकडून बसविण्यापेक्षां १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसवा,” असा सल्ला मृदु शब्दांत दिला जातो, हें पालकांच्या कानांवर नवें नाहीं. का? तर निकाल शंभर टक्के लागला पाहिजे! शंभरांतील एक मेंढरूं रानांत हरवलें असतां नव्याण्णव सोडून त्याच्या शोधार्थ निघणाऱ्या मेंढपाळाची गोष्ट ज्या शाळेच्या प्रार्थनामंदिरांत वाचली जाते, तेथें तरी निकालाचा आंकडा शोभावा म्हणून शंभरावें मेंढरूं आपण होऊन कळपाबाहेर घालविलें जाऊं नये.

मिशन शाळांना हा प्रश्न अधिक जवळून भिडतो, याचें आणखी एक कारण आहे. ६ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें शिक्षणहक्क कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांस, मग त्या अनुदानित असोत वा विनाअनुदानित, लागू होत नाहीं असा निर्णय दिला. २०२५ सालीं त्याच न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठानें त्या निर्णयाविषयीं शंका व्यक्त करून तो प्रश्न अधिक मोठ्या पीठापुढें न्यावा असें म्हटलें. न्यायालय जें ठरवील तें ठरवील. २०१६ च्या कायद्यानें मात्र शासनाचें अनुदान किंवा मान्यता असलेल्या सर्वच शिक्षणसंस्थांनीं अपंग मुलांस सामावून घ्यावें अशी अपेक्षा बाळगली आहे, आणि त्या शब्दांत अल्पसंख्याक शाळांना वगळलेलें नाहीं. पण कायद्याचा अर्थ लावीत बसण्यापूर्वीं आपण स्वतःस एक प्रश्न विचारूं: ज्यांच्या पूर्वसूरींनीं कायदा नसतां, अनुदान नसतां, अंध व बहिऱ्या मुलांसाठीं शाळा उघडल्या, त्यांच्या वारसांनीं कायद्याच्या सवलतीचा आश्रय घेऊन दार लोटावें काय? अल्पसंख्याक शाळांचें स्वातंत्र्य हें मोलाचें धन आहे. तें अधिक भलें करण्यासाठीं मिळालें आहे असें जगाला दिसलें, तरच तें टिकेल.

कित्येक सुज्ञ पालकांच्या मनांत एक भय असतें, व तें बोलून दाखविण्यास ते संकोचतात. अशीं मुलें वर्गांत आलीं तर आपल्या मुलांचा अभ्यास मागें पडेल, असें तें भय आहे. तें अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. साहाय्यक शिक्षक न देतां, वर्ग लहान न करतां, केवळ मुलें भरलीं तर सर्वांचेंच नुकसान होईल, आणि सर्वांत अधिक त्या मुलाचें होईल. परंतु यावर उपाय मुलास नाकारण्यांत नाहीं. शिक्षक मागण्यांत आहे. जो शिक्षक बहिऱ्या मुलीसाठीं पाठ चित्रांनीं व हावभावांनीं समजावितो, त्याचा पाठ मागच्या बांकावरील ऐकूं येणाऱ्या मुलासही अधिक उमगतो. पालकसभेंत ज्यांचीं मुलें सुदृढ आहेत अशा पालकांनींच जर एकमुखानें विशेष शिक्षकाची मागणी केली, तर तिला जें वजन येईल तें एकट्या दुःखी मातेच्या विनंतीला कधींच येणार नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांसही या कामीं वांटा उचलतां येईल, आणि त्यासाठीं पदवीची गरज नाहीं. मित्राची वही वाचून दाखविणें, चांकाच्या खुर्चीवरील सोबत्यास खेळांत पंच किंवा गुणलेखक करणें, तोतरें बोलणाऱ्याचें वाक्य त्याच्या तोंडून हिसकावून न घेतां तें पुरें होईतों थांबणें, सांकेतिक भाषेचीं पांचपंचवीस चिन्हें शिकणें: एवढ्यानें वर्ग बदलतो. मात्र उपकार करीत आहों ही भावना मनांत येऊं देऊं नका. तो मुलगा तुमच्या दयेचा विषय म्हणून आलेला नाहीं. तुमच्याइतकाच या शाळेचा विद्यार्थी म्हणून आला आहे. त्याच्याशीं भांडणही करा, पैजही लावा; ज्याच्याशीं कोणी भांडत नाहीं तो वर्गांत परकाच राहतो.

शेवटीं एक लहानशी सूचना करून लेखणी खालीं ठेवतों. प्रत्येक शाळेच्या वार्षिक अहवालांत निकालाचे आंकडे असतात, शिष्यवृत्त्या असतात, क्रीडास्पर्धांतील यश असतें. त्या अहवालांत यापुढें एक नवें कलम घालावें: विशेष गरजा असलेलीं किती मुलें या वर्षीं शाळेंत आलीं, त्यांतील प्रत्येकास कोणती मदत मिळाली, त्यांनीं काय नवें आत्मसात केलें, आणि किती जण मध्येंच शाळा सोडून गेले व कां गेले. मुलांचीं नांवें छापूं नयेत. पण आंकडे लपवूंही नयेत. पहिल्या वर्षीं हें कलम वाचावयास कदाचित् सुखद वाटणार नाहीं. तरीही तें छापावें. ज्या मुलांची नोंद होते त्यांचाच विचार होतो, आणि ज्यांचा विचार होतो त्यांनाच वर्गांत जागा मिळते. कायद्यानें दार उघडलें आहे; आंतली जागा करून देणें मात्र कोणत्याही कायद्याच्या हातीं नाहीं. तें शिक्षकांच्या, पालकांच्या व त्याच बांकावर बसणाऱ्या सोबत्यांच्या हातीं आहे.